बगळ्याचं पान

१४ नोव्हेंबर

भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तारीख घातली आहे. लातसामीची तशी ताकीदच आहे. "मेथाओ, रोज नाही लिहिलंस तरी चालेल, पण लिहिशील त्या दिवशी वर तारीख पाहिजे." माझ्या लेकीची लेक ही. मला मेथाओ, म्हणजे आजी म्हणते, आणि आजीलाच हुकूम सोडायला शिकलीय. राजधानीत नोकरी करते. जुन्या विहारांतल्या ताडपत्राच्या पोथ्या पुसायच्या, वाचायच्या, फोटो काढून ठेवायचे, हे तिचं काम. त्याचा पगार देतात म्हणे! काल बसने परत गेली, जाताना ही वही दिली आणि एक पुस्तक दिलं.

पुस्तक, आणि मला! माझं मलाच हसू येतंय. मी तिसरीपर्यंत शिकले, तीही धड नाही, कारण तिसरीत असताना रेडकू सांभाळायला घरी बसवलं. आमच्या घरात छापील काय, तर खताच्या पोत्यावरचं नाव आणि खोकल्याच्या बाटलीवरचा कागद. आणि आता हे जाडजूड पुस्तक. वर चित्र आहे. होडी आभाळातून चाललीय आणि होडीत एक मुलगी. बघितलं आणि मी ओरडलेच, "अगं, ही तर बुआवान!"

"तीच," लातसामी म्हणाली. "तू मला इतक्यांदा सांगितलीस. आता स्वतः वाच. पूर्ण."

पूर्ण हा शब्द तिने मुद्दाम टाकला. बुआवानची गोष्ट पूर्ण ठाऊक असलेला माणूस आमच्या गावात एकच, लुंग थित. सगळं गाव त्यांना लुंग, म्हणजे मोठे काकाच म्हणतं, ज्यांचे ते पणजोबा लागतात ती पोरंसुद्धा. तरुणपणी ते भिख्खू होते. मग चीवर उतरवून संसारात आले, पण जुनी लिपी डोक्यात राहिली. गावात कुणी गेलं की तीन रात्री त्या घरी जागायचं, आणि लुंगनी पोथी वाचायची. एकीकडे पत्ते, एकीकडे तांदळाची दारू, पोरांचा दंगा, आणि मधोमध दिव्यापाशी लुंग. मरण झालेल्या घराला आम्ही 'चांगलं घर' म्हणतो, ते लहानपणी मला अगदी खरं वाटायचं. कुणी म्हातारं खोकायला लागलं की आम्ही पोरी एकमेकींना कोपराने ढोसायचो, आता बुआवान येणार म्हणून.

पण तीन रात्रींत गोष्ट पुरी व्हायची नाही. तिसऱ्या रात्री बुआवान नगाऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पोचायची आणि उजाडायचं. गेलेल्या माणसाला न्यायची वेळ व्हायची. पुढच्या मरणाला गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. अख्ख्या गावाला सुरुवात पाठ, शेवट कुणालाच ठाऊक नाही. गावात बुआवान नावाच्या तीन बाया आहेत. तिघींना नातवंडं झाली, तरी गोष्टीतली बुआवान आपली पायथ्याशीच उभी.

आता नाही राहायची. मी वाचणार.

१६ नोव्हेंबर

मला मनात वाचता येत नाही. ओठ हलवल्याशिवाय अक्षर पुढे सरकत नाही, आणि ओठ हलले की आवाज निघतोच. सकाळी खांबांवरच्या घराखाली, विणायच्या मागापाशी बसले, चष्मा लावला आणि सुरू केलं. "कोणे एके काळी नदीकाठच्या नगरीत एक राणी होती..." आहाहा! तीच सुरुवात. लुंगचा सूरही आपोआप आला, वाक्याच्या शेवटी जरा लांबवायचा तो.

दुसरं पान उलटतेय तोवर सोय धावत आली. ही लुंगची लेक, माझ्या शेजारची. साठी उलटली तरी वाऱ्यासारखी येते. एका हातात तांदूळ, दुसऱ्या हातात मेणबत्त्या, केस सुटलेले आणि चेहऱ्यावर रडायची तयारी.

"कोण गेलं?"

"कुठे कोण गेलं?"

"मग बुआवान कशाला वाचतेस?"

मागून आणखी दोघं आले. एकाच्या खिशात पत्ते होते, माझ्या डोळ्यांनी बघितले.

"अगं, पुस्तक आहे हे. छापलेलं. नातीने दिलं."

"छापलेलं म्हणून काय झालं? यमराजाला वाचता येत नाही होय? जिवंत घरात ही गोष्ट वाचतात का कुणी! पलीकडे माझा बाप खोकतोय, तो विचारतोय मेलं कोण, आपल्याला कसं कळवलं नाही."

मी हसायला लागले. तिलाही हसू फुटलं, पण रागावलेलीच राहिली. तांदूळ मात्र ठेवून गेली. अशा वेळी आणलेलं परत न्यायचं नसतं. म्हणजे मी न मरता मला दोन वाट्या तांदूळ मिळाले.

उद्यापासून शेतातल्या खोपीत जाऊन वाचणार. तिथे रेडे आहेत, ते काही तांदूळ घेऊन धावत यायचे नाहीत.

२० नोव्हेंबर

कापणी झाली आहे, शेतं मोकळी. खोपीत वारा छान लागतो. चिकट भात आणि मिरचीची चटणी बांधून नेते, चार पानं वाचते, मग चटणी, मग चार पानं.

एक गंमत लिहून ठेवायची आहे. लहानपणी मला गोष्टीतली होडी सगळ्यात आवडायची. बोलकी होडी ती, आणि फक्त खरंच बोलते. त्यामुळे बुआवानला जागोजाग पळावं लागतं. राजा विचारतो, माझं राज्य कसं आहे, आणि होडी म्हणते, घाण वास येतो. आम्ही पोट धरून हसायचो. आता वाचताना मला होडीचा राग यायला लागलाय. गप्प बस ना जरा! पोरगी उपाशी आहे, राजा जेवायला घालतोय, एकदा खोटं बोललीस तर तुझी फळी निघणार आहे का?

आणि यक्ष. त्याची तर मला इतकी भीती होती की त्याचं नाव आलं की आईच्या पदराखाली शिरायची. आपण झोपेत असताना कुणी मारू नये म्हणून त्याने आपली झोपच काढून डोंगरावरच्या नगाऱ्यात कोंडली. तेव्हापासून तो जागा आहे. लाल डोळे, आणि दिसेल त्याला खातो. आज वाचता वाचता पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, बिचारा. आमचा म्हातारा गेल्यापासून मलाही झोप येत नाही. पहाटेच्या कोंबड्याची वाट बघत पडून असते. एका वर्षात माणूस असा चिडका होतो, आणि त्याने तर किती युगं काढली असतील. दिसेल त्याला खाणार नाही तर काय करणार?

गोष्ट तीच आहे, मी म्हातारी झाले.

२४ नोव्हेंबर

बगळा नाही.

पुढे येईल म्हणून वाट बघितली, नाही आला, मग वाचलेली सगळी पानं पुन्हा बघितली. पाठीमागची पानं चिकटलीयत का, तेही नखाने बघितलं. बुआवानच्या आईला सवत नदीत ढकलते, ते आहे. नदी तिला वाहून नेते, ते आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत बुआवान रडत होडीपाशी जाते. मधलं कुठे गेलं?

हे नीट लिहायला हवं. मी नऊ वर्षांची होते तेव्हा आई तापात गेली. मी दोन दिवस काही खाल्लं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. बायका भरवायला आल्या तर दात घट्ट आवळले. दुसऱ्या रात्री लुंग वाचत होते. तेव्हा ते तरणे होते, नुकतेच संसारात आलेले. राणी नदीत पडली तिथवर आले आणि थांबले. मान वर केली, बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली, मग पुन्हा पोथीत बघून वाचलं. ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "आणि राणी पांढरा बगळा होऊन परत आली. रोज सकाळी लेक भाताचा गोळा ठेवी आणि बगळा तो खाई. पण लेकीने आधी स्वतः खाल्ल्याशिवाय बगळा भाताला चोच लावीत नसे."

मी उठले, टोपलीतून भात घेतला, खाल्ला, आणि एक गोळा कठड्यावर ठेवला. उजाडल्यावर बघते तर खाली शेतात बगळे.

तेव्हापासून रोज. युद्धात आम्ही डोंगरातल्या गुहेत राहत होतो तेव्हाही गुहेच्या तोंडाशी ठेवायची. लग्न झालं तेव्हा सासू म्हणाली, सून खुळी आहे. मी म्हटलं, पोथीत लिहिलंय. पोथी म्हटल्यावर सासू गप्प.

आणि प्रत्येक मरणाला मी पुढे बसून ऐकलाय बगळा. त्या जागी लुंग नेहमी थांबायचे, मान वर करून माणसांकडे बघायचे. पान शोधत असतील. एकदाच मी नव्हते, लातसामीची आई पोटात होती आणि पाय सुजलेले. आमचा म्हातारा ऐकून आला आणि म्हणाला, आज बगळा आलाच नाही. मी म्हटलं, तुला डुलकी लागली असेल. त्यावरून दोन दिवस अबोला.

लातसामीला फोन केला. "कुठल्या आळशी माणसाने छापलंय हे? बगळा गाळलाय."

"मेथाओ, चार विहारांतल्या पोथ्या ताडून छापलंय. मीच होते त्या कामात. बगळा एकीतही नाही."

"मग चारही चुकल्या."

"तू दुसऱ्या कुठल्या गोष्टीतलं यात धरत असशील."

मी फोन ठेवून दिला. आजीला असं बोलतात का?

२५ नोव्हेंबर

आज सकाळी विहाराच्या भिख्खूंना भात वाढला, पण कठड्यावर ठेवला नाही. गोष्टीत नसेल तर कुणासाठी ठेवायचा? इतकी वर्षं मी कुणाला भरवत होते?

दुपारी राहवलं नाही. ठेवला.

कोंबडीने खाल्ला.

२८ नोव्हेंबर

लुंगकडे जाऊन आले. आधीच जायला हवं होतं, पण पाय उचलत नव्हता. विचारलं आणि ते म्हणाले, नाहीच, तर?

फार वाळलेत. डोळे तर गेलेच आहेत. मनगटांवर पांढरे दोरे इतके की कोपरापर्यंत आलेत. जो येतो तो त्यांचा जीव जागेवर राहावा म्हणून एक दोरा बांधून जातो. पायाशी नोय बसली होती. सोयची ही नात. आईबाप सरहद्दीपलीकडे कामाला गेलेले, पोरगी पणजोबाजवळच वाढतेय. सहा-सात वर्षांची असेल. तीच त्यांचे डोळे आहे. अंगणात काय चाललंय ते सांगत असते आणि त्यांच्याच हातून जेवते.

"लुंग, दुआंग मेथाओ आलीय," नोय म्हणाली. "काखेत पुस्तक आहे. तोंड पाडलंय."

"मग विंचू चावला असेल," लुंग म्हणाले. "ये गं दुआंग. तुझ्या घरी कोण मेलं ते बघायला मी लेकीला धाडलं होतं त्या दिवशी. तीन माणसं तयारीने धावली, आणि गेलेलं कुणीच नाही, मीसुद्धा नाही. फार शरमलो."

मी हसले, आणि मग सगळं सांगितलं. बगळा नाही, चार पोथ्यांत नाही, नात म्हणते कधी नव्हताच.

 लुंग नोयच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "तू अजून ठेवतेस भात?"

"म्हणजे काय! रोज."

"आधी खातेस?"

"आधी खाते. तसंच लिहिलंय ना."

"हं. तसंच," ते म्हणाले. "वाळवी लागली असेल त्यांच्या पोथ्यांना. माझ्या जुडीत होतं ते पान."

"चार विहारांच्या चार पोथ्यांना एकाच पानाला वाळवी?"

"वाळवीला काय, गोड पान बरोबर कळतं."

बघा! मी म्हटलंच होतं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सोयने आंबवलेल्या मासळीची चटणी आणली, ती मी एकटीने संपवली.

निघताना लुंग म्हणाले, "उद्या ते पुस्तक इथे येऊन वाच."

"इथे? माणसं जमतील."

"जमू देत. आयुष्यभर मी वाचलं, माणसांनी ऐकलं. मला कधी कुणी वाचून दाखवलं नाही. मेल्यावर ऐकू कुठे येणार?"

सोय आतून ओरडली, "बाबा, तोंड सांभाळा!"

२ डिसेंबर

तीन संध्याकाळी वाचलं. लिहायला सवड नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी "कोणे एके काळी" म्हणायचा अवकाश, जिन्यावर पावलं वाजायला लागली. तांदूळ, मेणबत्त्या, दारूचा बुधला, पत्ते. आत आले तर लुंग उशीला टेकून बसलेले, विडा चघळताहेत. एकेकाची तोंडं बघण्यासारखी होती. एकीने तर रडायला सुरुवातही केली होती, तिला मध्येच थांबता येईना.

"आलात तर बसा," लुंग म्हणाले. "पत्ते वाटा. दारू कुणी आणलीय? पाहुण्यांच्या आधी यजमानाला द्यायची असते."

सोयने कपाळावर हात मारला. जिवंत माणसाच्या घरात तांदूळ घ्यायचे की परत करायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तिने तेच शिजवले आणि सगळ्यांना वाढले.

एक म्हातारा म्हणाला, "बाईमाणूस वाचणार? असं कधी झालं नाही."

"मग तू वाच," मी पुस्तक पुढे केलं.

"माझा चष्मा घरी आहे."

"माझा घे."

तो पत्ते खेळायला गेला.

दुसऱ्या संध्याकाळी त्या जागी आले. राणी नदीत. पुढे छापलेलंच नाही, मी थांबले.

"का गं?" लुंगनी डोळे मिटूनच विचारलं.

"इथे बगळा यायला हवा."

"मग आण की."

मी पुस्तकावर हात ठेवला आणि पाठ होतं तसं म्हटलं. पांढरा बगळा, भाताचा गोळा, आधी लेकीने खायचं. पत्ते खेळणारे क्षणभर थांबले, हे त्यांनाही पाठ आहे. लुंगच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दिव्याच्या धुराने येतं म्हाताऱ्यांच्या. मला म्हणाले, "एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीस."

"पोथीतलं कसं बदलणार?"

"खरंय," ते म्हणाले.

काल तिसरी संध्याकाळ. मी झपाझप वाचत होते. म्हटलं, आज डोंगर चढवायचाच. हे पुस्तक, लुंगही ऐकताहेत, सगळं गाव बसलंय. पायथा आला तसा लुंगनी हात वर केला. "बास."

"बास काय! आता तर चढायचंय."

"इथे नको. मी कुणाच्याच घरी पुरी वाचली नाही."

"रात्री पुरायच्या नाहीत म्हणून."

"पुरल्या असत्या. मी सावकाश वाचायचो. अगं, गोष्ट संपली की माणसं उठून घरी जातात. मग त्या घरात नुसतं मरण उरतं. गोष्ट राहिलेली असली की काहीतरी बोलत बसतात. पुढे काय झालं असेल, यक्ष मेला असेल का, असं भांडत भांडत उजाडतं." त्यांना दम लागला. "शेवट तू तुझ्या खोपीत वाच. एकटी."

मला जरा वाईट वाटलं. पण खरोखरच काल कुणी उठलं नाही. यक्षाचं काय होणार यावर दोन म्हाताऱ्यांचं इतकं भांडण झालं की पत्ते राहिले बाजूला.

६ डिसेंबर

वाचला शेवट.

बुआवान डोंगर चढली. यक्ष नगाऱ्याच्या पुढ्यात बसला होता. होडी म्हणाली, हा तुला खाणार, कारण होडी खरंच बोलते. बुआवानने तिचं ऐकलं नाही. यक्षाला म्हणाली, "बाबा, डोकं टेक, मी हळूच वाजवते." आणि तलवारीने नाही, तळहाताने वाजवला नगारा, पोराला थोपटतात तसा. सगळी झोप हळूहळू बाहेर आली. यक्ष तिच्या पायाशी झोपला, आणि त्याच्या झोपेतून नदी निघाली.

पुढे राज्य मिळालं, लग्न झालं, हत्ती आले, प्रधानांची नावं आहेत. ते वाचलं नाही. पुस्तक छातीवर ठेवून खोपीतच आडवी झाले आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. रेडे आपापले घरी गेले. सोय शोधायला आली.

१४ डिसेंबर

लुंग काल दुपारी गेले. नोय त्यांना सांगत होती अंगणात कुणाची कोंबडी शिरलीय ते. ती सांगत राहिली.

लातसामी रात्रीच्या बसने आली. सोयने लुंगची पोथी माझ्या हातात दिली, लाल फडक्यात बांधलेली. "बाबांनी सांगितलं होतं, दुआंगला द्या." मला ती लिपी येत नाही. मी लातसामीला म्हटलं, "घे, उघड. आता बघ बगळा आहे की नाही. ते म्हणाले होते त्यांच्या जुडीत आहे."

खिडकीपाशी बसली. प्रत्येक पानाच्या कडेला आकड्याच्या जागी एक अक्षर असतं, ती त्यावर बोट ठेवून पुटपुटत गेली, कोंबड्या मोजतात तशी. एका ठिकाणी थांबली. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं, पुन्हा मागचं. मग मला विचारलं, "मेथाओ, तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस ना? तेव्हा लुंगच वाचत होते?"

"हे काय आता? पान सांग."

पोथी तिने मांडीवर ठेवली. चष्मा काढून पुसला. "एक पान गेलंय यातलं. वाळवीने."

"बघ! म्हणालेच होते लुंग. वाळवीला गोड पान कळतं."

"हो," ती म्हणाली, आणि नाक पुसायला उठून गेली. धूळ सोसत नाही तिला. रोज पोथ्यांत काम करते आणि धूळ सोसत नाही, नवलच आहे.

१७ डिसेंबर

चौदाव्या रात्रीपासून तीन रात्री मीच वाचलं. यावेळी कुणी काही बोललं नाही. तो चष्मा विसरणारा म्हातारा स्वतः दिवा घेऊन आला आणि माझ्या उजवीकडे धरून बसला.

नोय खात नव्हती. तेराव्या तारखेपासून घोटभर पाण्यावर. सोयने रागावून बघितलं, गोडीने बघितलं, पोरीने दात आवळलेले. दुसऱ्या रात्री ती खांबाला टेकून बसली होती, छपराकडे बघत.

राणी नदीत पडली. मी बगळा आणला. वाचून झाल्यावर सहज मान वर केली, माणसांवरून नजर फिरवली, आणि पोर दिसली. पुन्हा पुस्तकात बघितलं आणि वाचायला लागले. "त्या नगरीत एक म्हातारा नावाडी होता. त्याला दिसत नसे, त्याची छोटी नात त्याचे डोळे होती. तो गेला आणि घराच्या आढ्यावर मोठी पाल, कपके, होऊन राहिला. रोज संध्याकाळी तो ओरडे, पोरी, जेवलीस का? आणि पोर जेवली की गप्प होई."

नोयने माझ्याकडे बघितलं. "आमच्या आढ्यावर आहे कपके. मोठा."

"असणारच. पोथीत लिहिलंय."

आणि खरंच थोड्या वेळाने आढ्यावरून ओरडला, कप-के, कप-के. ती मोठी पाल आमच्याकडे कुणाच्या घरात नसते? पण पत्ते खेळणाऱ्यांनीही वर बघितलं. नोयने सोयच्या टोपलीतून भात घेतला. दोन घास खाल्ले, मग आणखी दोन. मग एक छोटा गोळा करून खांबाच्या बेचक्यात ठेवला.

काल रात्री पायथ्याशी पोचल्यावर मी पुस्तक मिटलं. माणसं यक्षावरून भांडू लागली. कुणी घरी गेलं नाही. मला शेवट ठाऊक होता, पण मीही भांडले. मी म्हटलं, होडीचंच खरं होणार, यक्ष तिला खाणार.

आज सकाळी लुंगना नेलं. परत येताना लातसामीने माझा हात धरला होता. वाटेत म्हणाली, "मेथाओ, परवा रात्री मी मागे बसून ऐकत होते. ते कपकेचं पान कुठलं?"

"कुठलं म्हणजे?"

"छापलेलं नाही ते. मला ठाऊक आहे ना."

"मग तेही वाळवीने खाल्लं असेल," मी म्हटलं.

 तिने माझा हात तेवढा दाबला.  बांधावर आलो तर शेतात बगळे उतरले होते, ती थांबली म्हणून मीही थांबले. बराच वेळ आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. मला लुंगची मान आठवत होती, वर केलेली. पान शोधत नव्हते ते.

घरी येऊन आधी चार घास खाल्ले. मग कठड्यावर भात ठेवला. आज गोळा जरा मोठाच केला.